अस्तराचा एक, रंगाचे दोन

चार वाजून नऊ मिनिटांनी म्हातारी सुरू झाली, एकदा नाही तर लागोपाठ तीनदा झाली, चिमटीला नोकरी लागली आणि मामाने पुढचा महिनाभर घरात कुणाला सुखाने दोन घास खाऊ दिले नाहीत. झालं ते असं. पण ते अजून झालेलं नाही. आत्ता शनिवारचे दुपारचे दोन वाजलेत, म्हातारी ढिम्म आहे, नोकरी अधांतरी आहे आणि मामा नेहमीइतकाच असह्य आहे. तेव्हा वरचं कुणी वाचलं असेल तर त्याने ते पोटात ठेवावं. घरच्यांच्या कानावर जाता कामा नये.

म्हातारी म्हणजे गाडी. वय वर्षं अठरा, बाहेरून पांढरी, चार दारं आणि चारही आपापल्या मर्जीची. चिमटी म्हणजे घरातली एकुलती एक मुलगी. लहानपणापासून बोलण्यात चिमटे काढायची म्हणून मामाने नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. ती वजनकाटे दुरुस्त करायला शिकली होती. काटा एका ग्रॅमने जरी खोटं बोलला तरी तिचा चेहरा असा व्हायचा, जणू घरातल्याच कुणीतरी खोटी साक्ष दिली आहे.

नोकरी तशी ठरल्यात जमा होती. दुकानोदुकानी, गोदामोगोदामी फिरून काटे तपासायचे, सोबत वीस-वीस किलोच्या वजनांची पेटी वागवायची, म्हणून उमेदवाराकडे स्वतःची गाडी हवी. ती बघायला कंपनीच्या निरीक्षक बाई चार वाजता घरी येणार होत्या. त्यांच्या फॉर्मची एक प्रत चिमटीला आधीच मिळाली होती. कलम सात: ‘उमेदवाराचे वाहन सलग तीन वेळा सुरू होते. होय / नाही.’ ‘नाही’वर खूण झाली तर नोकरी यादीतल्या दुसऱ्या उमेदवाराला. त्याची गाडी कोरी होती, आणि शंभर-दीडशे ग्रॅमचा फरक तो मोठ्या मनाने सोडून द्यायचा. हा माणूस गावभरचे काटे तपासणार, या विचारानेच चिमटीला ताप यायचा.

दोन वाजता तिने सहज म्हणून चावी फिरवली. म्हातारी म्हणाली, “टक.”

एकदाच. खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता ‘उद्या या’ म्हणावं, तशी. परत फिरवली. टक. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, असं म्हणतात. इथे काळ चार वाजता यायचा होता आणि त्याच्या बगलेत छापील फॉर्म होता.

चिमटी खाली उतरली, बॉनेट उघडलं, आणि पुढचं काही सुचायच्या आत तिला दोन पावलं मागे सरावं लागलं. आत सगळीकडे पिस्ता रंग होता. भिंती, कोपरे, तळ, जिथे जिथे गाडीचा पत्रा दिसत होता तिथे तिथे पिस्ता. वर असा तुकतुकीत मुलामा, की बघून भांग पाडावा.

बाबा शेडच्या दाराशी उभे होते. हात मागे, नजर छताकडे. बाबा रंगारी. बत्तीस वर्षं लोकांची दारं-खिडक्या रंगवण्यात गेली. रंगाऱ्याला शाबासकी हवी असते पण मागायची नसते, तेव्हा तो छताकडे बघतो. गेले तीन दिवस त्यांनी शेडला आतून कडी लावली होती आणि विचारलं की ‘काम चाललंय’ एवढंच सांगत होते. ते काम हे होतं. बाई बॉनेट उघडणार, त्यांना पोरीच्या घरचं वळण दिसलं पाहिजे.

स्वतःच्या घराचं दार या माणसाने अकरा वर्षांत रंगवलं नव्हतं. वेळच मिळत नाही म्हणायचे. आणि इथे बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून, नळ्यांना कागद गुंडाळून, इंजिनला मात्र बोट न लावता (ते तापतं, हा रंग त्यावर टिकत नाही) गाडीचं पोट असं रंगवलं होतं की आत कुणी राहायला जावं.

“बाबा, फार सुंदर झालंय,” ती म्हणाली. मग पुढचं सांगितलं, की गाडी सुरू होत नाहीये.

बाबांनी नजर छतावरून खाली आणली. रंग सुकलाय ना नीट, एवढंच त्यांनी विचारलं.

आवाज ऐकून आई आली. आई मोठ्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसते. गेल्या वीस वर्षांत केसपेपर काढल्याशिवाय तिने कुणाचं दुखणं ऐकून घेतलेलं नाही, घरच्यांचंसुद्धा. तिने वहीतला कागद फाडला, पेन काढलं आणि चिमटीला रीतसर प्रश्न विचारून लिहून घेतलं. नाव: म्हातारी. वय: अठरा. तक्रार: टक. कधीपासून: आज दुपारपासून. आधी बरी कधी होती: मंगळवारी, बाजारात जाऊन आली. मधल्या काळात काही दिलं का?

“काही नाही,” चिमटी म्हणाली. “नुसता रंग.”

आईने लिहिलं: ‘नुसता रंग.’ कागद काचेवरच्या वायपरखाली खोचला आणि पुढच्या पेशंटला बोलवावं तसं मागे बघितलं.

मागे मामा होता. मामा आईचा धाकटा भाऊ. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढून निवृत्त झालेला. एक्स्चेंज बंद पडून जमाना झाला, पण मामाच्या डोक्यातलं चालूच होतं. जगातल्या यच्चयावत बिघाडांचं निदान तो एकाच वाक्यात करायचा: इथून नंबर लागतोय, पलीकडे घंटा वाजत नाही, मधली तार बघा. फ्रिज बंद पडला तेव्हा हेच. आईचा गुडघा दुखला तेव्हा हेच. शेजारच्या मास्तरांचं लग्न मोडलं तेव्हाही त्याने हेच सांगितलं होतं, आणि तेही मास्तरांना, तोंडावर.

आता त्याने डोळे मिटले, चावी फिरवायला लावली, टक ऐकली आणि डोळे उघडले.

“इथून नंबर लागतोय,” मामा म्हणाला.

“पलीकडे घंटा वाजत नाही,” आई म्हणाली.

“मधली तार बघा,” बाबा म्हणाले. आणि तिघांनी तो विषय संपवला.

चिमटीने आपलं मीटर आणलं. काट्यांसाठीचंच, पण वीज ती वीज. एरवी अशी टक झाली की आधी बॅटरीचा संशय घ्यायचा, एवढं तिला ठाऊक होतं. दिवे लावले. भिंतीवर लख्ख उजेड. चावी फिरवताना मंद झाले का? नाही, तसेच लख्ख. हॉर्न वाजवला, तेव्हा समोरच्या घरातून एक कुत्रा आणि दोन माणसं बाहेर आली. मीटर म्हणालं, साडेबारा व्होल्टच्या वर. बॅटरीची टोकं घासून बघितली तर आरशासारखी स्वच्छ. अर्थातच. बाबांच्या चिकटपट्टीतून रंगाचा थेंबसुद्धा आत गेला नव्हता.

अडीच वाजता मास्तर आले. म्हणजे धावत आले. मास्तरांकडे जंपर केबल होत्या, एक लाल, एक काळी. एका गाडीची बॅटरी मेली की दुसरीच्या जिवावर तिला उठवायला वापरतात त्या. मास्तरांनी त्या नऊ वर्षांपूर्वी घेतल्या होत्या आणि नऊ वर्षांत गल्लीतल्या एकाही नतद्रष्टाची बॅटरी मेली नव्हती. मास्तरांनी वाट बघितली होती, थंडीत तर देवाकडे मागितलंही होतं. आता ते हॉर्न ऐकून निघाले ते थेट गाडी घेऊनच हजर.

चिमटीने सांगून बघितलं की बॅटरी ठणठणीत आहे. मास्तरांना ते ऐकूच गेलं नाही. त्यांनी केबलची पिशवी अशी उघडली, की बाबांनी नकळत चपला काढल्या. लाल ते लाल, काळं ते काळं, बॅटरीच्या टोकाला टोक. मास्तरांनी आपलं इंजिन सुरू केलं, हात वर केला, आईने चावी फिरवली.

टक.

मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघवेना. आईने त्यांना चहा दिला आणि त्यांचाही केसपेपर काढू का विचारलं.

मग म्हातारीच्या स्टार्टरवर हातोडीच्या दांड्याने हलकेच ठोकून झालं, कारण कधी कधी तो आतल्या आत अडकतो आणि दोन टोले बसले की शहाणा होतो. हा झाला नाही. टक. गाडी गिअरमध्ये आहे का बघून झालं. टक. सव्वातीन वाजले. मामा दर पाच मिनिटांनी ‘मधली तार’ म्हणत होता आणि कुणी लक्ष देत नव्हतं, कारण घड्याळही दर पाच मिनिटांनी काहीतरी म्हणतं, त्याचं कोण मनावर घेतं.

चिमटी मडगार्डला टेकून उभी राहिली. दुसरा उमेदवार तिला स्पष्ट दिसू लागला. कोऱ्या गाडीतून उतरतोय, हसतमुखाने एका डळमळीत काट्याला पास करतोय. कुणा म्हाताऱ्या बाईच्या किलोतून शंभर ग्रॅम जातायत, रोज. तिने डोळे मिटून घेतले, उघडले, तेव्हा समोर वायपरखालचा केसपेपर होता.

मधल्या काळात काही दिलं का: नुसता रंग.

काटा दुरुस्तीला आला की पहिला नियम असतो: वजन नंतर, आधी शून्य. रिकाम्या ताटलीवर काटा काय दाखवतो ते बघ. तिथेच तो खोटं बोलत असेल, तर पुढचं सगळं खोटं. पहिल्याच दिवशी शिकवतात हे. आणि ती गेला सव्वा तास फक्त वजनं करत बसली होती.

जिथे मीटरवर काहीच दिसता कामा नये अशी जागा कोणती? बॅटरीतून वीज स्टार्टरकडे जाते ती जाडजूड वायरीने, आणि परत येते ती इंजिनच्या अंगावरून, गाडीच्या पत्र्यावरून. इंजिन आणि बॅटरीचं वजा टोक म्हणजे एकच घर. एकाच घरातल्या दोन खोल्यांत फरक कसला? शून्य.

तिने मीटरची एक सुई इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावली, दुसरी बॅटरीच्या वजा टोकाला, आणि आईला चावी फिरवायला सांगितली.

टक. मीटर म्हणालं, अकरा.

“मास्तर,” चिमटी म्हणाली, “काळी केबल द्या. एकटी काळी.”

लाल कुणाला नको होती, हे मास्तरांना थोडं लागलं. चिमटीने काळ्या केबलचं एक टोक बॅटरीच्या वजा टोकाला लावलं आणि दुसरं थेट इंजिनच्या लोखंडी कडीला. आईने चावी फिरवली. म्हातारी खाकरली, थरथरली आणि सुरू झाली. अशी सुरू झाली, जणू तीन दिवस तिला हेच म्हणायचं होतं पण कुणी विचारलंच नव्हतं.

मास्तर खाली बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते धुराचं नव्हतं. मामा मात्र उभाच राहिला, कारण त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घटना नुकतीच घडली होती आणि तिच्यासाठी बसून चालणार नव्हतं.

“मधली तार,” मामा म्हणाला. शांतपणे. तीस वर्षांत प्रथमच.

मधली तार होतीच. इंजिनपासून गाडीच्या पत्र्यापर्यंत जाणारी, विणलेली, चपटी, वीतभर. एक टोक इंजिनला, ते जसंच्या तसं. दुसरं टोक बॅटरीच्या खाली, पत्र्यावर, बोल्टने आवळलेलं. आणि तो बोल्ट पिस्ता होता.

चिमटीने गाडी बंद केली. तीन वाजून पस्तीस मिनिटं. आता खरी पंचाईत होती. काळी केबल तशीच लोंबत ठेवली तर बाई बॉनेट उघडताक्षणी ‘नाही’वर खूण करतील, आणि बरोबरच करतील. तार नीट जोडायची तर तिथला रंग खरवडायला हवा. तो कुणी दिला होता आणि कशासाठी, हे तिला माहीत होतं, आणि तो माणूस शेडच्या दाराशी परत छताकडे बघत उभा होता.

तार सैल झालीय असं सांगून वेळ मारून नेता आली असती. पण खोटं बोलायचं म्हटलं की तिला ग्रॅम दिसायचे.

“बाबा,” ती म्हणाली, “हा बोल्ट तुम्ही काढला होता?”

“मग? न काढता रंगवू? मी काय हंगामी रंगारी आहे?”

“आणि खाली किती हात दिले?”

“अस्तराचा एक, रंगाचे दोन.” ते थांबले. “तिथे कुणी बघणार नव्हतं, चिमटे. म्हणून तर दिले.”

अडचण नेमकी हीच होती. आळशी रंगाऱ्याच्या हातून हे घडलंच नसतं. त्याने बोल्टाच्या कडेकडेने ब्रश फिरवला असता आणि म्हातारी मजेत सुरू झाली असती. बिघाड होण्यासाठी माणूस बाबांइतका चांगला असावा लागतो. चिमटीने तसंच सांगितलं. म्हणाली, तुमच्या तीन हातांतून वीजसुद्धा आत शिरली नाही, तर गंज कुठून शिरणार.

बाबा बराच वेळ त्या बोल्टाकडे बघत राहिले. आई पुढे होणार होती, मामाने तिला कोपराने थांबवलं. ही मामाची आयुष्यातली दुसरी योग्य गोष्ट, आणि तीही त्याच दिवशी.

“सरक,” बाबा म्हणाले. “तू खरवडलंस तर कडा वेड्यावाकड्या होतील.”

त्यांनी आपली पेटी आणली. चिमटीने पाना लावून बोल्ट काढला आणि तार बाजूला केली. आता बाबा भराभर खरवडतील, असं सगळ्यांना वाटलं. बाबांनी चिकटपट्टी काढली. दोन इंच बाय दोन इंचाचा चौकोन आखला, चारी बाजूंना पट्टी लावली, नखाने दाबून घेतली, एक कोपरा मनासारखा येईना म्हणून काढून परत लावली. तीन पन्नास. आईने फाटकाकडे बघितलं. मास्तरांनी लाल केबल उगाचच पुढे केली. बाबांनी पुट्टी लावायच्या पत्रीने खरवडायला घेतलं. पहिला हात गेला, दुसरा गेला, अस्तर गेलं. मग पॉलिश पेपर. आधी जाड, मग मध्यम, मग बारीक.

“दाजी, बारीक राहू द्या,” मामा म्हणाला. “तिथे कुणी बघणार नाही.”

बाबांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. मामाने माफी मागितली.

तीन अठ्ठावन्नला निरीक्षक बाई फाटकाशी आल्या. आत आल्या नाहीत. वेळ चारची होती, त्यामुळे दोन मिनिटं त्या फॉर्म छातीशी धरून बाहेर उन्हात उभ्या राहिल्या. चार वाजता त्यांनी कडी वाजवली. आई गेली, त्यांना खुर्ची दिली, आणि सवयीने नाव, वय विचारून पाच मिनिटं काढली. बाईंनी सगळी उत्तरं दिली. छापील प्रश्नांबद्दल त्यांना आदर होता.

तोवर चिमटीने तार चकचकीत पत्र्यावर बसवली, बोल्ट आवळला, गंज धरू नये म्हणून वरून ग्रीसचं बोट फिरवलं. बाबांनी तेवढ्यापुरती मान फिरवून घेतली. त्या तुकतुकीत पिस्त्यावर ग्रीस, हे त्यांच्याच्याने बघवत नव्हतं.

बाई आल्या. चिमटी आत बसली. चावी फिरवली आणि म्हातारी पहिल्या फटक्यात सुरू झाली. बंद केली. परत सुरू. बंद. परत सुरू. बाईंनी तीनही वेळा एकेक टिंब काढलं, पण होय-नाहीवर खूण मात्र केली नाही. त्यांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

आतून त्यांचा आवाज आला. इतका रंग आणि मधोमध एक उघडा चौकोन, हे काय, त्यांनी विचारलं.

चिमटीने काय झालं ते सांगितलं. टक सांगितली, अकरा सांगितले, सव्वा तास वाया घालवला तेही सांगितलं.

बाईंनी डोकं बाहेर काढलं. “शून्य आधी का नाही बघितलंत?”

“रंग फार चांगला होता,” चिमटी म्हणाली. “त्याच्यावर संशय घ्यावासा वाटला नाही.”

बाईंनी परत आत बघितलं. चौकोनाच्या कडेवरून एक बोट फिरवलं, काटकोन तपासावा तसं. मग कलम सातमध्ये ‘होय’वर खूण केली आणि खाली, जिथे काहीही लिहायचं नसतं अशा रिकाम्या जागेत, बारीक अक्षरात लिहिलं: ‘बिघाड कबूल करते.’ सोमवारी नऊला या, म्हणाल्या. सव्वानऊ म्हणजे नऊ नव्हे, हेही सांगितलं. जाता जाता बाबांना विचारलं, की बोल्टाच्या खालीही रंग होता का. बाबा म्हणाले, अस्तराचा एक, रंगाचे दोन. बाईंनी मान डोलावली. पुढे त्या वर्षभर चिमटीच्या वरिष्ठ होत्या, पण तशी मान त्यांनी परत कुणासाठी डोलावली नाही.

मामाने त्याच दिवसापासून फोनवर ‘हॅलो’ऐवजी ‘मधली तार’ म्हणायला सुरुवात केली. मास्तरांनी काळी केबल भिंतीवर टांगली आणि लाल परत पिशवीत ठेवली. म्हातारी रोज सुरू होते आहे, वीस-वीस किलोची वजनं वाहते आहे आणि दुकानदार तिला बघितलं की ताटल्या पुसायला लागतात.

फक्त बाबांचा जीव रमेना. उघड्या जागेवर रंग द्यायचा नाही, ही गोष्ट बत्तीस वर्षांत त्यांना कुणी सांगितली नव्हती. आठवडाभराने, सकाळी चहाच्या वेळी, चिमटीला चावीखाली दुमडलेला कागद सापडला. अक्षर बाबांचं होतं, मायना आईच्या खिडकीवरचा.

प्रति,
माननीय वाहनप्रमुख (कन्या),
स्वगृही.

विषय: चार चौरस इंच जागेवर रंग देण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदया,

वरील विषयास अनुसरून नम्रपणे कळवण्यात येते की, आपल्या वाहनातील बॅटरीखालील जागा आजमितीस उघडी असून ती अर्जदाराच्या डोळ्यांस सलते, तसेच सदर जागेवर ग्रीस लावण्यात आल्याने अर्जदारास जेवण गोड लागत नाही. वीज जाऊ देणारा पिस्ता रंग आपल्या नेहमीच्या दुकानात मिळत नाही, याची चौकशी अर्जदाराने दोनदा केलेली आहे. तरी विजेस अन्य मार्गाने ये-जा करण्याबाबत आपल्या स्तरावरून लेखी समज देण्यात यावी, व सदर जागेवर पिस्ता रंगाचा केवळ एक हात (अस्तराशिवाय) देण्याची परवानगी अर्जदारास मिळावी, ही विनंती.